जिप्सीचं जी१३बीबी इंजिन: हाफ करावं की फुल? आणि पार्ट कुठले घ्यावेत?

धूळवाट
नमस्कार मंडळी, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गाडी मारुती जिप्सी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली), २००८ चं मॉडेल, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह. ताडोबात मोहर्ली गेटवर सफारीला चालते. ओडोमीटरवर १,४०,००० किमी.

लक्षणं अशी. हजार किमीला सव्वा लिटर ऑईल जातं. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळा धूर. ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा) पाईप काढला की इंजिन फुसफुसतं. गरम झाल्यावर आयडलला ऑईल प्रेशरचा दिवा लुकलुकतो, रेस केली की विझतो.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब (किलो प्रति चौरस सेमी): १ नंबर ११.६, २ नंबर ११.४, ३ नंबर ८.९, ४ नंबर ११.५.

गॅरेजवाला म्हणतो, "रिंगा टाकू, बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) हात मारू, व्हॉल्व्ह घासू, झालं काम." दुसरा म्हणतो फुलच करा, म्हणजे बोअर वाढवून नवे पिस्टन, क्रँकचंही काम. प्रश्न असे: हाफ इंजिनात (पहिला म्हणतो तेवढ्यात) भागेल का? आणि पिस्टन, रिंगा, बेरिंग कंपनीचेच घ्यायचे की बाजारातल्या ब्रँडचे चालतील?

निळाधूर
माझं नाव वाचून धागा काढलात की काय!

बोअरगेज
रीडिंग कसं घेतलंत ते आधी सांगा. चारही प्लग काढलेले, इंजेक्टरचे कनेक्टर सोडवलेले, इंजिन गरम, बॅटरी फुल चार्ज, थ्रॉटल पूर्ण उघडा. यातलं एक जरी राहिलं तरी आकडा खाली येतो. थ्रॉटल बंद ठेवून काढलेली रीडिंग घेऊन चांगली इंजिनं उघडली जातात.

चांगल्या जी१३ ला १४ च्या आसपास मिळतं आणि चार सिलिंडरांत एक किलोपेक्षा जास्त फरक नको. तुमचा ३ नंबर बाकीच्यांपेक्षा अडीच किलोने खाली आहे. म्हणजे तिथे रिंगांखेरीज आणखी काहीतरी आहे. वेट टेस्ट करा. प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून एक चमचा, म्हणजे साधारण ५ मिली ऑईल टाका आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा आणि बोअर. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील).

रेडिएटरकाका
टेम्परेचरचा काटा चालताना कुठे असतो? थर्मोस्टॅट बसवलेला आहे ना?

चौथा_गिअर
एवढी उठाठेव कशाला? जुन्या स्विफ्ट १.३ पेट्रोलमध्येही जी१३बीबीच होतं. भंगारात गेलेल्या गाडीचं चालू इंजिन आणा, टाका, मोकळे व्हा.

वऱ्हाडी_पाना
भाऊ, टाकाल कसं? एस्टीम आणि स्विफ्टमध्ये इंजिन आडवं बसते, जिप्सीत उभं. ऑईल सम्प, पिकअपची नळी, माउंटिंग, इनटेक आणि एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड, सारं बदलून घ्यावं लागते. शेवटी ब्लॉक आन् हेडच कामाचं उरते. अन् ते किती झिजलं हे तुम्हाला कोण सांगणार?

लेथताई
शिवाय कागदपत्रं. इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. व्यावसायिक गाडी असेल तर फिटनेसच्या वेळी चॅसी आणि इंजिन नंबर ताडून पाहतातच. स्वतःचा ब्लॉक दुरुस्त केला तर हा प्रश्नच येत नाही.

सफारीच्या गाडीबद्दल एक गोष्ट. १,४०,००० हा आकडा फसवा आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये १५-२०च्या वेगाने चालणं, वाघ दिसेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभं राहणं, गेटवरच्या रांगा. किमी कमी भरतात, इंजिनाचे तास मात्र भरपूर होतात. त्यात पुढच्या गाडीची धूळ. या इंजिनाला हायवेच्या दीड लाख किमीचा हिशेब लावू नका.

धूळवाट
सगळं तुम्ही म्हणता तसंच करून पुन्हा मोजलं, थ्रॉटल उघडा होता. कोरडं रीडिंग तेच आलं. ऑईल टाकून: १३.३, १३.१, ९.३, १३.२.

बोअरगेज
मग चित्र स्पष्ट आहे. १, २, ४ मध्ये रिंगा आणि बोअर गेलेत. ३ मध्ये तेही आहे आणि व्हॉल्व्हही धरत नाही, बहुधा एक्झॉस्ट. गॅस्केट असतं तर शेजारचा २ किंवा ४ सोबत पडला असता, कुलंटमध्ये बुडबुडे दिसले असते. एक्झॉस्टच्या नळीजवळ कान देऊन क्रँक हाताने फिरवा, ३ नंबर कॉम्प्रेशनवर आला की हवा सुटल्याचा आवाज येईल.

हाफ की फुल हे तोंडाने ठरवायचं नसतं, मापाने ठरतं. ब्लॉक उघडा आणि बोअर डायल गेजने प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजून घ्या: क्रँकला समांतर आणि क्रँकला काटकोनात. वरची कड (जिथे रिंग पोचत नाही) आणि तिच्या लगेच खालची जागा यांत नखाला अडेल अशी पायरी असेल तर झीज किती आहे हे मोजायच्या आधीच कळतं.

जी१३ चा नवा बोअर ७४.०० ते ७४.०२. ग्रेड १ म्हणजे ७४.०१–७४.०२, ग्रेड २ म्हणजे ७४.००–७४.०१, आणि पिस्टनवरही १ किंवा २ असा आकडा असतो. टेपर (वर-खालच्या मापातला फरक) किंवा ओव्हल (दोन दिशांतला फरक) ०.१० मिमीच्या पुढे गेला की रिबोअर. माझं वैयक्तिक मत: ०.०५ च्या आत असेल तरच रिंगा आणि होनिंगवर (दगडाने बारीक घासण्यावर) भागवा. ०.०५ ते ०.१० मध्ये मॅन्युअल अडवत नाही, पण नवी रिंग वर फाकते आणि खाली आवळते. प्रत्येक फेऱ्यात दोनदा हालचाल करून ती आपलीच खाच खाते.

गावठी_टॉर्क
आमच्याकडं उद्यमनगरात (कोल्हापूर) बोअरिंगवाले लई आहेत, पण एक विचारून घ्या भावा: टॉर्क प्लेट (हेडऐवजी ब्लॉकवर आवळायची जाड प्लेट) आहे का? जी१३ चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर ओतलेले. हेडचे बोल्ट आवळले की बोअरचा आकार बदलतो. प्लेट नसेल तर निदान मेन कॅप (क्रँकला धरणाऱ्या टोप्या) टॉर्कला आवळूनच बोअर करायला लावा. उघडा ब्लॉक बोअर केला तर मशीनवर गोल, गाडीत लांबट!

नानापेठी
आता पार्टांकडे येऊ, कारण पुण्यात नाना पेठेत रोज हाच गोंधळ ऐकू येतो. लोक आधी पिस्टन किट विकत घेतात, मग ब्लॉक उघडतात. उलट करा. ब्लॉक आणि क्रँक मोजा, साईज ठरवा, मग खरेदी, आणि शेवटी पिस्टन हातात आल्यावर त्या पिस्टनच्या मापाने बोअर. पिस्टन ०.२५ ओव्हरसाईज (मूळ मापापेक्षा ०.२५ मिमी मोठा) म्हणून आला तरी त्याचं खरं माप मायक्रोमीटरने घ्यायचं: पिनेला काटकोनात, स्कर्टच्या तळापासून साधारण १५ मिमी वर. त्या मापात ०.०२ ते ०.०४ मिळवा, तो तुमचा बोअर.

ब्रँडचं म्हणाल तर:
पिस्टन आणि रिंगा: कंपनीच्या जेन्युइन पार्टमध्ये मिळाल्या तर तेच. नाहीतर गोएत्झे, श्रीराम पिस्टन्सचा ऊषा, इंडिया पिस्टन्स. हे सगळे मूळ कंपन्यांनाही माल देणारे आहेत, यांच्यात उगाच डावं-उजवं करू नये. फक्त पिस्टन एकाचे आणि रिंगा दुसऱ्याच्या असं मिश्रण टाळा. रिंगेची जाडी आणि खाचेची खोली जुळेलच असं नाही.
बेरिंग: स्टँडर्ड साईज हवी असेल तर जेन्युइनच. कारण खाली कुणीतरी सविस्तर लिहीलच.
गॅस्केट: हेड गॅस्केट जेन्युइन, बाकीचा सेट टालब्रोस चालेल.
व्हॉल्व्ह स्टेम सील, क्रँकचे पुढचे-मागचे सील: इथे शंभर-दोनशे वाचवू नका. मागचं सील गेलं की गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

खोटा माल ओळखायचा तर खोक्यावरच्या होलोग्रामवर विसंबू नका, मोजमापाने पकडा. चारही पिस्टन वजन करा, दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर परत. प्रत्येक रिंग बोअरमध्ये एकटी घालून, पिस्टनने सरळ ढकलून गॅप मोजा. वरच्या रिंगेला ०.२० ते ०.३५ यावा. नव्या बोअरमध्ये ०.५० येत असेल तर खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, ती रिंग बाद.

निळाधूर
"खाली कुणीतरी सविस्तर लिहीलच". नाना पेठेतली गिऱ्हाइकं अशीच पुढच्या दुकानात पाठवतात ना?

लेथताई
बेरिंगचं लिहिते, चेंडू माझ्याकडेच आलाय.

जी१३ च्या क्रँकच्या वेबवर (बाजूच्या चपट्या भागावर) पाच मेन जर्नलसाठी (बेरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांसाठी) पाच आकडे कोरलेले असतात. १ म्हणजे ४४.९९४–४५.०००, २ म्हणजे ४४.९८८–४४.९९४, ३ म्हणजे ४४.९८२–४४.९८८. ब्लॉकवरही प्रत्येक मेनच्या घराचा ग्रेड कोरलेला असतो. दोन्ही जुळवून शेलची (बेरिंगच्या अर्धगोल पत्र्याची) जाडी निवडायची: हिरवा सगळ्यात पातळ, मग काळा, मग बिनरंगी, मग पिवळा आणि निळा सगळ्यात जाड. एका रंगापासून दुसऱ्याचा फरक फक्त ३ मायक्रॉन. बाजारातला 'स्टँडर्ड' सेट साधारण एकाच जाडीचा येतो, म्हणून नानापेठी जेन्युइन म्हणतात ते बरोबर.

मेनचा क्लिअरन्स ०.०२० ते ०.०४० हवा, ०.०६० ही कमाल. प्लास्टिगेजने (दाबून फट मोजायच्या प्लास्टिकच्या दोऱ्याने) पाचही ठिकाणी तपासायचा, ऑईल न लावता, क्रँक न फिरवता. कॅपवरचा बाण पुलीच्या बाजूला.

जर्नल ०.०१ पेक्षा ओव्हल असेल तर ग्राइंडिंग. कंपनीची एकच अंडरसाईज आहे, ०.२५. मेन ४४.७३२–४४.७५०, क्रँकपिन (कनेक्टिंग रॉड बसतो ती जागा) ४१.७३२–४१.७५०. ग्राइंडिंगवाल्याला दोन गोष्टी बजावा. जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई कायम ठेवायची. तिथे धारदार कोपरा काढला तर क्रँक तिथूनच तुटतो. आणि ऑईलच्या भोकांची कड हलकी मोडायची. मग ती भोकं ब्रश घालून धुवायची. ग्राइंडिंगची पूड आत राहिली तर नवं बेरिंग पहिल्या तासातच खरडतं.

वऱ्हाडी_पाना
ताई, धुवायचं डिझेलनंच ना? होनिंग झाल्यावर सारे डिझेलनंच धुतात.

लेथताई
पानाभाऊ, इथे मी भांडणार. होनिंगच्या दगडाची पूड बोअरच्या रेघांमध्ये अडकून बसते. डिझेल, पेट्रोल, रॉकेल यांनी वरचं ऑईल निघतं, पूड आणखी आत बसते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि नायलॉनचा ब्रश. पांढरं फडकं बोअरमधून फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत घासायचं. मग हवेने वाळवून दहा मिनिटांच्या आत ऑईल लावायचं, नाहीतर लायनरवर गंज धरतो.

वऱ्हाडी_पाना
पण डिझेलनं धुतलेली इंजिनंही चालतात की वर्षानुवर्षं.

बोअरगेज
चालतात. डिझेलने धुतल्यावर त्याच बोअरवर पांढरं फडकं फिरवून पाहा, करडं निघतं. ते करडं म्हणजे कार्बोरंडम. वाद संपला असं नाही म्हणत, पण फडकं खोटं बोलत नाही.

गावठी_टॉर्क
होनिंगचे दगड कुठल्या ग्रिटचे घ्यायला सांगायचे? आणि रेघांचा कोन?

बोअरगेज
आधी २२० च्या आसपास, शेवटचा हात २८०. रेघा एकमेकींना साधारण ४५ अंशांत छेदल्या पाहिजेत. फार आडव्या रेघा ऑईल धरून ठेवतात आणि रिंग त्यांच्यावरून खडखडत जाते. फार उभ्या असल्या तर ऑईल खाली निघून जातं. 'आरशासारखा' बोअर करून देतो म्हणणाऱ्याला दुरूनच रामराम. आरशावर रिंगा बसत नाहीत, गाडी पुन्हा ऑईल खाते आणि दोष पिस्टनच्या कंपनीला लागतो.

धूळवाट
इंजिन उघडलं. बोअरिंगवाल्याने मोजून दिलेले आकडे, क्रँकला काटकोनात, वर आणि तळाला:

१ नंबर ७४.११ / ७४.०३
२ नंबर ७४.१० / ७४.०३
३ नंबर ७४.१३ / ७४.०३
४ नंबर ७४.१२ / ७४.०३

मेन जर्नल ४४.९८५ ते ४४.९८७, ओव्हल नाही. क्रँकपिन ४१.९५ ते ४१.९७, ३ नंबर ०.०२ ओव्हल. क्रँकचा एंड प्ले (पुढे-मागे सरकणं) ०.३४. हेडमध्ये ३ नंबरचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एका बाजूने जळलेला.

बोअरगेज
३ नंबरचा टेपर ०.१०, सीमेवर. हाफ इंजिनाचा विषय संपला.

क्रँक: मेनला फक्त पॉलिश, बेरिंग स्टँडर्ड, रंग जुळवून. चारही क्रँकपिन ०.२५ ला ग्राइंड. एकच पिन करू नका, वेगवेगळ्या मापांच्या पिना असलेल्या क्रँकचा पुढच्या माणसाला त्रास होतो. एंड प्ले ०.११ ते ०.३१ हवा, कमाल ०.३८. तुमचा ०.३४ आहे, म्हणजे मधल्या, ३ नंबर मेनचे थ्रस्ट शेल (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे) झिजलेत. नवे स्टँडर्ड घालून मोजा, तरी जास्त आला तर ०.१२५ ओव्हरसाईजचे थ्रस्ट मिळतात. ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो का? थ्रस्ट त्यामुळेच जातात.

बोअरचा प्रश्न मजेदार आहे. ०.२५ करावा की थेट ०.५०?

नानापेठी
०.२५ करा. ०.५० पुढच्या वेळेसाठी राखून ठेवा. त्याच्यापुढे कंपनीचा पिस्टन नाही, मग स्लीव्हच (नवा लायनर) मारावी लागते.

गावठी_टॉर्क
कागदावर बघा जरा. नवा बोअर साधारण ७४.२५ धरला तर त्रिज्या ३७.१२५. मूळ त्रिज्या ३७.००५. ३ नंबरची झीज सगळी एकाच भिंतीला असेल, तर ३७.००५ अधिक ०.१२ म्हणजे ३७.१२५. काठावर पास! जरा जास्त झिजलं असलं तर एका बाजूला जुना काळा डाग तसाच राहणार.

बोअरगेज
गणित चोख. पण झीज एकाच भिंतीला कधीच नसते, जोराच्या भिंतीला जास्त आणि समोरच्या भिंतीला थोडी कमी, एवढंच. म्हणून ०.२५ ला निघण्याची शक्यता जास्त. बोअरिंगवाल्याला सांगा, सुरुवात ३ नंबरपासून करा, शेवटच्या ०.०५ ची होनिंगची जागा सोडून थांबा आणि भिंत बघा. साफ निघाली तर चारही ०.२५. नाही निघाली तर चारही ०.५०. म्हणूनच दुकानदाराशी आधी बोलून ठेवा की किट बदलून देईल.

पर्थकर
ऑस्ट्रेलियातून. इथे १९९८ च्या जिम्नीमध्येही हेच जी१३बीबी होतं, त्यामुळे रिंगा, बेरिंग, गॅस्केट बाहेरही मिळतात. पण मागवण्याआधी पार्ट नंबर जुळवा. फक्त "जी१३" म्हणून ऑर्डर दिली तर ८ व्हॉल्व्हवाल्या जी१३बीएचं गॅस्केट येतं. बोअर तोच ७४, हेड वेगळं.

एक दुखणं या कुटुंबाचं सगळीकडे सारखं: क्रँक पुलीचा मधला बोल्ट पुरेसा आवळला नाही की पुली किंचित हलत राहते आणि क्रँकची की-वे (पुलीची की, म्हणजे खुंटी, बसते ती खाच) खाते. टायमिंग सरकतं, गाडी मरगळते आणि लोक सेन्सर बदलत बसतात. की नवी घाला, खाच नीट बघा, बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा.

रेडिएटरकाका
मी वर काहीतरी विचारलं होतं. थर्मोस्टॅट? काटा?

चौथा_गिअर
काका, ऑईल खाणाऱ्या इंजिनाचा आणि थर्मोस्टॅटचा काय संबंध?

रेडिएटरकाका
सांगतो. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आपल्याकडचा आवडता इलाज. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो फार बोचत नसे. एमपीएफआयमध्ये ईसीयू (इंजिनाचा संगणक) कुलंटच्या सेन्सरकडे बघतो. जिप्सीचा थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडतो. तोच नसेल तर हिवाळ्यात पहाटेच्या सफारीला इंजिन ५०-६० अंशांवर रेंगाळतं, ईसीयू समजतो इंजिन अजून थंड आहे आणि पेट्रोल जास्त देत राहतो. जास्तीचं पेट्रोल बोअरवरची ऑईलची फिल्म धुतं आणि खाली सम्पमध्ये उतरून ऑईल पातळ करतं. त्यात धूळ. पिस्टन, बेरिंग, ऑईल प्रेशरचा दिवा, तिन्हींचं उत्तर तिथे असू शकतं. डिपस्टिकचा वास घ्या.

धूळवाट
काका, माफ करा, तुमचा प्रश्न वाहून गेला. काटा नेहमी चौथ्या हिश्शाच्या खालीच असायचा. आत्ता हाउसिंग उघडून बघितलं, आत थर्मोस्टॅट नाही. डिपस्टिकला पेट्रोलचा वास स्पष्ट आहे.

रेडिएटरकाका
आता रेडिएटर का तापायचा ते शोधा, म्हणजे थर्मोस्टॅट परत घालता येईल. कोअर चिखल आणि गवताच्या बियांनी बंद असेल. इंजिनाच्या बाजूने पुढे अशा दिशेने पाणी मारा, उलट मारलं तर आणखी ठासतं. फॅन क्लच गरम इंजिनावर हाताने फिरवला (इंजिन बंद!) तर अडखळला पाहिजे, मोकळा फिरला तर गेला. कॅपचं रबर बघा.

लेथताई
+१. आणि हवेची वाट. एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा रबरी पाईप वळणाच्या खालच्या बाजूला चिरतो, वरून दिसत नाही. काढून वाकवून बघा. पाईपच्या आत बोट फिरवा. धूळ लागली तर नवा फिल्टर निरुपयोगी आहे, कारण धूळ फिल्टरला वळसा घालून जातेय. फिल्टर बॉक्सच्या क्लिपाही. हे न करता ०.२५ चे नवे पिस्टन घातले तर पुढच्या हंगामात याच धाग्यावर भेटू.

हेडचं राहिलं. आधी हेडचा फेस सरळपट्टी आणि फीलर गेजने बघा, ०.०५ पेक्षा जास्त वाक असेल तर फेस मारा. ब्लॉकचा वरचा फेसही बघायचा, तो लोक विसरतात. गाइडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत) व्हॉल्व्हचा खेळ इनटेकला ०.०७ आणि एक्झॉस्टला ०.०९ पर्यंतच. ३ नंबरचा जळलेला व्हॉल्व्ह बदला, पण त्याचं गाइड झिजलेलं असेल तर नवाही जळेल. सीटचा पट्टा १.१ ते १.३ मिमी रुंद हवा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटमधूनच हेडला देतो, पट्टा अरुंद झाला तर तो तापतो. घासून घासून दोन मिमी केला तर कार्बन चिकटून गळतो.

गावठी_टॉर्क
बांधणीचे आकडे एकदा लिहून टाकतो. मेन कॅप ५४ न्यूटन मीटर, कनेक्टिंग रॉडचे नट ३५. हेडचे बोल्ट आधी ३५, मग ५५, मग सगळे उलट्या क्रमाने पूर्ण सैल, पुन्हा ३५, ५५ आणि शेवटी ६८. मधून सुरुवात, कडेला शेवट. ॲल्युमिनियमचा ब्लॉक आहे, बोल्टच्या भोकात ऑईल किंवा कुलंट साचलेलं नको. बोल्ट ते दाबतो आणि ब्लॉकला तडा जातो. आटा सुटलेला असेल तर आत्ताच हेलिकॉइल (नवा आटा देणारी तारेची गुंडाळी) घाला, ६८ ला पोचताना फिरू लागला तर रडायची वेळ येईल.

रिंगेवरचं अक्षर वर, पिस्टनवरचा बाण पुलीकडे. रिंगांचे गॅप एकावर एक नकोत.

नानापेठी
ऑईल पंपही उघडून बघा. क्रँकच्या पुढच्या टोकावरच बसतो. बाहेरचा रोटर आणि केसिंगमधली फट ०.३१ च्या वर किंवा बाजूची ०.१५ च्या वर गेली तर बदला. नवी बेरिंग घालून जुना पंप ठेवला तर दिवा पुन्हा लुकलुकणार. आणि सम्पला सिलिकॉन लावताना हात आखडता घ्या. आतल्या बाजूला आलेली दोरी तुटून पिकअपच्या जाळीत अडकते.

धूळवाट
एअर पाईपला खालून बोटभर चीर निघाली. ताई, तुमचं बोट बरोबर ठिकाणी पडलं.

३ नंबर बोअर ०.२५ ला साफ निघाला, म्हणून यादी अशी: ०.२५ पिस्टन-रिंगा, मेन बेरिंग जेन्युइन (रंग जुळवून), रॉड बेरिंग ०.२५ अंडरसाईज, थ्रस्ट, एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याचं गाइड, स्टेम सील, फुल गॅस्केट सेट, क्रँकचे दोन्ही सील, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, एअर पाईप, फिल्टर. ऑईल पंप मोजून ठीक निघाला. काही राहिलं?

पर्थकर
क्रँक पुलीची की. आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (ब्रीदरच्या वाटेवरचा), हलवून खुळखुळला नाही तर नवा. तो चोंदलेला असेल तर नव्या रिंगा असूनही सीलमधून ऑईल बाहेर येतं.

चौथा_गिअर
रनिंग-इन कसं करायचं? पूर्वी लोक रात्रभर आयडलवर ठेवायचे.

बोअरगेज
अजिबात नको. आयडलवर रिंगांमागे दाब येत नाही, बोअर गुळगुळीत होऊन बसतो. आधी प्लग काढून स्टार्टर मारा, ऑईल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. मग चालू करून दीड-दोन हजार आरपीएमवर गरम होऊ द्या, गळती बघा, बंद करा. त्यानंतर रस्त्यावर: तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा थ्रॉटल देऊन वेग वाढवा, मग पाय काढून गिअरवरच उतरू द्या, पुन्हा पुन्हा. ओढताना रिंग भिंतीवर दाबली जाते, सोडताना ऑईल वर येऊन पूड धुतं. साधं मिनरल १५डब्ल्यू४० टाका, ५०० किमीला ऑईल आणि फिल्टर बदला. सिंथेटिक नंतर.

ऑईल प्रेशर गेज लावून एकदा बघून घ्या, गरम इंजिनाला ४,००० आरपीएमवर ३.३ ते ४.३ किलो आलं पाहिजे.

वऱ्हाडी_पाना
मंग ते पाचशे किमी जंगलात नका घालू भाऊ. चंद्रपूर-नागपूर रस्त्यावर दोन फेऱ्या मारा. गेटच्या रांगेत उभं राहून रिंगा बसत नाहीत.

धूळवाट
हेडचे बोल्ट पाचशे किमीनंतर पुन्हा आवळायचे का?

लेथताई
वरच्या क्रमाने ६८ ला आवळलेत तर हात लावू नका. गरम इंजिनावर तर नकोच. पाचशेला फक्त टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) थंड इंजिनावर तपासा. नव्या सीटवर व्हॉल्व्ह थोडा आत बसतो, त्यामुळे गॅप कमी होतो आणि ३ नंबरचा एक्झॉस्ट सगळ्यात आधी बघा. कुलंटची पातळीही त्याच वेळी, थर्मोस्टॅटमागे अडकलेली हवा तोवर निघालेली असते.

निळाधूर
माझं नाव आता बदलावं लागणार. वाखुसा (वाचनखूण साठवली).